पाऊणपट

फाल्गुनात भिशीचा नंबर लागला
आणि नौपाड्यात टिपणिसांनी काउंटरवर
दोन लेन्स शेजारी शेजारी ठेवल्या.
एक पांढरी, दीड किलोची, हाताला थंड,
जिच्या काचेत दुकानाची ट्यूबलाइट
जांभळी होऊन खोल बुडाली होती.
दुसरी प्लास्टिकची. तोंड खाली केलं
की नळी आपोआप सुळकन बाहेर येते,
वेडावून दाखवल्यासारखी.
एकीच्या किमतीत दुसऱ्या नऊ.
मी कांदा-बटाटा मार्केटात गाळ्याचे हिशेब लिहिते,
हा भागाकार मी पर्सला हात न लावता केला.

"पांढरी एक दिवस भाड्याने न्या," टिपणीस म्हणाले,
"दुसरी तशीच न्या. पाखरंच सांगतील काय ते."
डिपॉझिट पंचवीस हजार. पावती. सही.

तळाव्याकडे जाताना करावे गावात
पोरं पिचकाऱ्या भरून उभी. रंगपंचमी.
पांढरी लेन्स टॉवेलात, टॉवेल ओढणीत,
ओढणी गाळ्यावरच्या बारदानात,
आणि ते सगळं बोचकं पोटाशी.
केस हिरवे झाले, एक कान गुलाबी.
लेन्सला थेंब नाही.

बारा वाजता पाणथळीवर
रोहित म्हणजे पलीकडच्या काठाला
कुणीतरी ओढून अर्धवट पुसलेली रेघ.
पांढरीतून बघितलं: गुलाबी, थरथरती.
प्लास्टिकमधून बघितलं: गुलाबी, थरथरती.
चिखलावरून उठणाऱ्या झळेला
किमतीची चिठ्ठी वाचता येत नाही.

दिवाळ्याचे हसुराम तांडेल बांधावर बसून
केव्हापासून माझी अदलाबदल बघत होते.
"बाय, पाखरू नलीनं जवल येत नाय.
त्याला पानी आनतं. आज तिथ कंची?"
पंचमी.
"मंग कर पाऊणपट."
आणि वडिलांनी फुटपट्टी धरून घोटून घेतलेली,
चाळीस वर्षांत एकदाही न लागलेली पाऊणकी
माझ्या तोंडून सरळ बाहेर आली:
पाच पाऊणे पावणेचार.

पावणेचारला खाडीतला चिखल बुडाला
आणि थवा उठून अलीकडे उतरला,
इतका अलीकडे, की चोचीतून
पाणी गाळल्याचा बारीक आवाज येत होता.
मी डावीकडून तिसरा पक्षी धरला.
आधी हिच्यातून, मग तिच्यातून.
मनगट दुखलं. दुखू दिलं.

"मना दाव," तांडेल म्हणाले.

पांढरीतला दाखवला.
डोळ्याचं पिवळं कडं. मानेवरची पिसं,
मोजायला बसलं तर मोजता येतील अशी.
आणि खाली पायावर, पाण्याच्या जरा वर,
हिरवा नायलॉन. तीन वेढे. एक गाठ.
तांडेलांचं बोट पडद्यापाशी येऊन
न टेकता थांबलं.
गाठीला हस्ताक्षर असतं,
हे मला तोवर माहीत नव्हतं.

"दुसरा दाव."

दुसऱ्यात तोच पक्षी, तीच मान.
पायापाशी काहीतरी हिरवट,
गवताची सावली म्हणून खपेल असं.
हा फोटो त्यांनी खूप वेळ बघितला.
"ह्यो बरा आयला," म्हणाले,
आणि बांधावरची माती
नखाने उकरत बसले.

मी बोचकं बांधून निघाले, तेव्हा मागून म्हणाले,
"उद्या येशील तर पांढरी आन.
पाचशांत त्यो एक गवसाया पायजे.
होडी मी आनतो."
पुढे काही बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही.

सात वाजता नौपाड्यात
टिपणिसांनी आधी माझे केस बघितले,
मग लेन्स उजेडात फिरवून बघितली, मग म्हणाले,
"बोला, काय ठरलं?"
प्लास्टिकची काउंटरवर होती,
नळी पुन्हा बाहेर.
मी एका दिवसाचं भाडं आणखी मोजलं.
त्यांनी पावतीवर उद्याची तारीख घातली,
वेळ विचारली.

उद्या षष्ठी.
सहा पाऊणे साडेचार, मी म्हटलं.
त्यांनी नुसतं साडेचार लिहिलं.